स्किमिंग आणि स्कॅनिंग : शिफ्ट करून अभ्यास करणाऱ्यांनी मराठी पान भराभर वाचायचं तरी कसं?

भोसरीतून कंपनीची बस निघते. मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी करत चाकणला पोहोचायला कधी पाऊण तास, कधी दीड. ते सगळं पुणे-नाशिक रोडवरच्या ट्रॅफिकच्या मनावर. बसमध्ये निम्मी पोरं झोपलेली असतात आणि काहींच्या हातातल्या मोबाईलवर पीडीएफ उघडलेली असते. कुणी राज्यसेवेची तयारी करतंय, कुणी पोलीस भरतीची, कुणी नोकरी सांभाळून राहिलेला डिप्लोमा पूर्ण करतंय. संध्याकाळी निगडी किंवा आकुर्डीच्या अभ्यासिकेत दोन तास मिळाले तर मिळाले.

एवढ्या वेळात चारशे पानांचं पुस्तक कसं उरकायचं, असा प्रश्न यूट्यूबवर टाकला की दोन शब्द हमखास ऐकू येतात. स्किमिंग आणि स्कॅनिंग. बरेच जण हे दोन्ही शब्द 'फास्ट वाचणं' या एकाच अर्थाने वापरतात. गडबड तिथूनच सुरू होते.

खरं तर चाकणच्या शॉपफ्लोअरवर काम करणारा माणूस या दोन्ही गोष्टी रोज करतो. सीएनसी मशीनवर नवीन जॉब लागला की ऑपरेटर ड्रॉइंगचा कागद वरपासून खालपर्यंत वाचत बसत नाही. आधी एक नजर फिरवतो. शाफ्ट आहे की फ्लँज, किती व्ह्यू दिलेत, काम किती किचकट आहे. हे झालं स्किमिंग. मग नजर थेट उजव्या कोपऱ्यात खाली, टायटल ब्लॉकवर जाते. रिव्हिजन नंबर कोणता, मटेरियल काय, टॉलरन्स किती. बाकीच्या रेषा तेव्हा त्याला दिसतच नाहीत. हे झालं स्कॅनिंग.

म्हणजे स्किमिंगमध्ये काय सापडणार हे माहीत नसतं, फक्त अंदाज घ्यायचा असतो. आपल्याकडे त्याला पुस्तक 'चाळणं' म्हणतात, टपरीवर चहा येईपर्यंत पेपर चाळतात तसं. स्कॅनिंगमध्ये काय हवंय ते आधीच ठरलेलं असतं. नोटीस बोर्डवर ओव्हरटाईमची यादी लागली की प्रत्येक जण फक्त स्वतःचं नाव शोधतो, ते स्कॅनिंग.

आता थोडं डोळ्यांबद्दल. वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ घसरत जाते असं वाटतं, पण तसं होत नाही. १८७० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमधले नेत्रतज्ज्ञ एमिल जव्हाल यांच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं की डोळे उड्या मारत जातात. एका जागी साधारण पाव सेकंद थांबायचं, मग पुढची उडी. थांबल्यावर स्पष्ट दिसतात ती जेमतेम काही अक्षरं. त्यामुळे 'एका नजरेत अख्खं पान वाचा' असं सांगणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी विचार केलेला बरा. असे क्लास नवेही नाहीत. अमेरिकेत एव्हलिन वूड यांनी १९५९ मध्ये स्पीड रीडिंगचा धंदा जोरात सुरू केला होता. पुढे २०१६ मध्ये कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन एकत्र करून तपासलं. त्यांचा निष्कर्ष सरळ होता, वेग खूप वाढवला की समज कमी होते. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचा हिशेब मांडला, त्यात मोठ्या माणसाचा इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघाला. हजार शब्दांचे दावे कुठे आणि हे कुठे!

मग स्किमिंग-स्कॅनिंगने नेमकं काय साधतं? वाचण्याचा वेग वाढत नाही, काय वाचायचं नाही ते ठरवता येतं. फायदा तेवढाच आहे, आणि तो मोठा आहे.

पण इथे मराठी माध्यमातून अभ्यास करणाऱ्यांची एक वेगळी अडचण आहे. यूट्यूबवरच्या बहुतेक टिप्स इंग्रजीवरून उचललेल्या असतात. 'कॅपिटल अक्षरं शोधा' ही त्यातली आवडती टिप. इंग्रजी पानावर माणसांची आणि गावांची नावं कॅपिटल अक्षरामुळे आपोआप उठून दिसतात. देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही. 'पुणे' आणि 'पुढे' वरच्या एकाच रेघेला लटकलेले असतात आणि घाईत सारखेच दिसतात.

दुसरी अडचण प्रत्ययांची. मराठीत शब्दाला प्रत्यय लागताना शब्द स्वतःच बदलतो. 'कायदा'चं 'कायद्याने' होतं, 'पाणी'चं 'पाण्याचा', 'पुणे'चं 'पुण्यात'. डोळ्यासमोर 'पुणे' धरून पान धुंडाळणारी नजर 'पुण्यात'वरून सरळ पुढे निघून जाते. मोबाईलवरच्या पीडीएफमध्येही तेच. सर्चमध्ये 'पुणे' टाकलं तर 'पुण्याच्या' सापडत नाही. यावर उपाय सोपा आहे, शब्दाची शेवटची मात्रा किंवा काना काढून टाका. 'पुण', 'कायद', 'पाण' एवढंच टाकलं की मूळ शब्दही सापडतो आणि त्याची बदललेली रूपंही. ('पुण'मध्ये 'पुण्य' आणि 'पुण्यवान'ही येतील, तेवढं सोसायचं.) कागदावर शोधतानाही हाच नियम, शब्दाची पहिली दोन अक्षरं डोक्यात ठेवायची, शेपूट सोडून द्यायचं. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या किंवा फोटो काढून बनवलेल्या पीडीएफमध्ये मात्र सर्च चालतच नाही, तिथे डोळेच वापरावे लागतात. आणि आकडे शोधताना लक्षात ठेवायचं की एकाच नोट्समध्ये कुठे मराठी आकडे असतात, कुठे इंग्रजी. सर्च करायचं तर दोन्ही टाकून बघायचं.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. मराठी वाक्याचा निकाल शेवटी लागतो. क्रियापद शेवटी आणि 'नाही' तर अगदीच शेवटी. समजा हा उतारा आहे :

"हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पिंपरीतला सुरुवातीचा मोठा कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये ही सरकारी कंपनी स्थापन झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, त्यानंतर १९६२ मध्ये आले. त्यामुळे पिंपरीच्या औद्योगिकीकरणाची सुरुवात एमआयडीसीमुळे झाली, असे म्हणता येत नाही. मात्र पुढील काळातला विस्तार एमआयडीसीला वगळून समजून घेता येत नाही."

आता हा उतारा घाईत चाळून बघा. चौथ्या वाक्यातलं 'औद्योगिकीकरणाची सुरुवात एमआयडीसीमुळे झाली' एवढंच डोक्यात राहतं आणि शेवटचे चार शब्द सुटतात. अर्थ बरोबर उलटा. शेवटच्या वाक्यात तर 'वगळून' आणि 'नाही' असे दोन नकार आहेत, म्हणजे अर्थ पुन्हा होकाराकडे वळतो. प्रश्न काढणाऱ्याला नेमकं असंच वाक्य आवडतं.

म्हणून मराठी परिच्छेद चाळताना नजर दोन ठिकाणी टेकवावी लागते. वाक्याच्या सुरुवातीला विषय कळतो आणि शेवटी निर्णय. मधलं पहिल्या फेरीत सोडलं तरी चालतं. जोडीला काही शब्दांवर ब्रेक दाबायची सवय लावायची : मात्र, परंतु, तथापि, असे असले तरी, वगळता, खेरीज, अन्यथा, किमान, कमाल. हे शब्द छोटे असतात, पण वाक्य वळतं ते तिथेच.

याचा थेट हिशेब राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरमध्ये, म्हणजे सीसॅटमध्ये लागतो. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि उतारे वाचायचा वेळही त्यातच. पेपर आता फक्त पात्रतेचा आहे, पण ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण पडले नाहीत तर पहिल्या पेपरमध्ये कितीही मिळवून उपयोग नसतो. चुकीच्या उत्तरांना गुण वजा होतात ते वेगळंच. दिवसभर लाईनवर उभं राहून अभ्यास केलेल्या मुलाचं वर्ष एका 'नाही'मुळे जाऊ शकतं.

आधी उतारा वाचायचा की आधी प्रश्न, यावर अभ्यासिकेत तासभर वाद चालू शकतो. मधला मार्ग जास्त कामाचा वाटतो. आधी फक्त प्रश्न वाचायचे, पर्याय नाही. चारपैकी तीन पर्याय चुकीचेच असतात, ते आधी वाचले की तेच डोक्यात घर करतात आणि उताऱ्यात नसलेलं दिसायला लागतं. प्रश्नात 'योग्य' विचारलंय की 'अयोग्य', त्याला पेन्सिलने गोल करायचा. मग उतारा एकदा चाळायचा, कुठल्या परिच्छेदात काय आहे एवढंच कळण्यापुरता. मग प्रश्नातला शब्द घेऊन त्या जागी जायचं आणि ते वाक्य, त्याच्या आधीचं आणि नंतरचं, अशी तीन वाक्यं सावकाश, शब्दन् शब्द वाचायची. स्किमिंग आणि स्कॅनिंग तुम्हाला त्या जागेपर्यंत नेऊन सोडतात. उत्तर सावकाश वाचण्यातूनच मिळतं.

पुस्तकाचा अभ्यास करताना याच गोष्टीची एक जुनी पद्धत आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी ती १९४६ मध्ये मांडली. धडा आधी चाळा, त्यावर स्वतःच प्रश्न तयार करा, मग वाचा, पुस्तक मिटून आठवून सांगा, नंतर उजळणी करा. बालभारतीच्या पुस्तकांत यातलं दुसरं काम आयतंच करून दिलेलं असतं. धड्याच्या शेवटी 'स्वाध्याय' असतो. शाळेत तो शेवटी सोडवला, आता तो सगळ्यात आधी वाचायचा.

कामाची वाटणीही यातूनच होते. हलणाऱ्या बसमध्ये, शेजारचा खांद्यावर डोकं टाकून झोपलेला असताना घटनेची कलमं पाठ होत नाहीत. पण धड्याची शीर्षकं, ठळक शब्द, नकाशे आणि स्वाध्याय आरामात चाळून होतात. अभ्यासिकेत बसल्यावर पान उघडतानाच माहीत असतं की कुठल्या तीन पानांवर जीव ओतायचा आहे. आठवून बघण्याचं काम परतीच्या बसमध्ये, मोबाईल खिशात ठेवून. चाळलेलं पान ओळखीचं वाटतं आणि 'हे मला येतं' असं वाटायला लागतं. येतं की नाही ते पुस्तक मिटल्यावरच कळतं, म्हणून ही पायरी गाळली की बाकीची मेहनत पाण्यात.

काही कागद मात्र चाळायचेच नसतात. केमिकलच्या ड्रमसोबत येणारं सेफ्टी डेटा शीट घ्या. त्यात ठरलेल्या क्रमाने १६ विभाग असतात. प्रथमोपचार चौथ्यात, आगीबद्दल पाचव्यात, हातमोजे-मास्क आठव्यात. विभाग शोधायला स्कॅनिंग उत्तम, पण सापडल्यावर तिथली प्रत्येक ओळ वाचायची.

आणि दुसरा कागद म्हणजे आयटीआय झाल्यावर हातात येणारं पहिलं लेटर. बहुतेक जण त्यात एकच गोष्ट स्कॅन करतात, महिन्याला किती. ते लेटर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालचं असेल, तर कायद्याच्या कलम १८ नुसार ती व्यक्ती प्रशिक्षणार्थी असते, कामगार नाही. ट्रेनिंग संपल्यावर नोकरी देण्याचं बंधनही मालकावर आपोआप येत नाही, करारात तसं लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून त्या लेटरमध्ये आकड्याच्या आधी तीन गोष्टी शोधायच्या : 'अप्रेंटिस' लिहिलंय, 'ट्रेनी' लिहिलंय की 'फिक्स्ड टर्म', मुदत किती महिन्यांची, आणि मुदत संपल्यावरचं वाक्य कुठे आहे. ते वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं, आणि सही त्यानंतर.