शेअरचा जुना भाव : वाचन आणि वापर

शेअर बाजारात नोंदणी झालेल्या कंपनीचा एक दिवस भावाच्या नोंदीत एका ओळीत मावतो. राष्ट्रीय शेअर बाजार (एनएसई) आणि मुंबई शेअर बाजार (बीएसई) कामकाजाच्या प्रत्येक दिवसाअखेर सगळ्या शेअरच्या भावांची एक फाइल काढतात. बाजारात तिला ‘भावकॉपी’ म्हणतात. संगणक आला तरी हे नाव टिकले आणि आज बाजारांच्या संकेतस्थळांवरही तेच वापरात आहे. भावकॉपीतल्या एकाच कंपनीच्या ओळी तारखेनुसार एकाखाली एक लावल्या, की त्या कंपनीच्या भावाचा इतिहास तयार होतो. तो वाचताना दर वेळी एक प्रश्न विचारावा लागतो : त्या दिवशीचा ‘एक शेअर’ म्हणजे नेमके काय होते?

आधी एक ओळ जवळून पाहू. समजा, एका शेअरची नोंद अशी आहे : आदल्या दिवशीचा बंद भाव ४१०, उघडता भाव ४१२, उच्चांक ४२१, नीचांक ४०६.५०, शेवटचा व्यवहार ४१९, बंद भाव ४१८.२०, व्यवहार झालेले शेअर ८,४०,००० आणि उलाढाल ३४.८६ कोटी रुपये. उघडता भाव सकाळी ९ ते ९.१५ या पूर्वसत्रात, जमलेल्या मागणी-पुरवठ्याचा मेळ घालून ठरतो. दिवसाची वाढ मात्र उघडत्या भावापासून मोजत नाहीत, आदल्या बंद भावापासून मोजतात. म्हणून इथली वाढ ८.२० रुपये, म्हणजे बरोबर २ टक्के. उलाढालीला शेअरच्या संख्येने भागले की ४१५ रुपये हा दिवसाचा सरासरी भाव मिळतो. बंद भाव त्याच्या वर आहे, म्हणजे दिवस सरता सरता खरेदीचा जोर राहिला होता.

शेवटचा व्यवहार ४१९ रुपयांना झाला, तरी बंद भाव ४१८.२० कसा? अनेक वर्षे चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे बंद भाव म्हणजे अखेरच्या अर्ध्या तासातल्या, दुपारी ३ ते ३.३० मधल्या, व्यवहारांची भारित सरासरी. दिवस संपताना एखाद्याने मुद्दाम चढ्या भावाने दहा शेअर घेतले, तर तेवढ्याने दिवसाचा भाव ठरू नये, हा त्यामागचा हेतू आहे. दोन्ही बाजारांतले व्यवहार वेगळे असल्यामुळे एकाच शेअरचा बंद भाव दोन ठिकाणी काही पैशांनी किंवा रुपयांनी वेगळा असतो. हिशेब सुरू करताना एक बाजार निवडावा आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहावे.

तारखांच्या रकान्यातही लक्ष घालावे लागते. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांच्या ओळी नसतात, पण लक्ष्मीपूजनाच्या सुट्टीच्या दिवशी एक ओळ असते. ती तासाभराच्या मुहूर्ताच्या सौद्यांची. त्या ओळीतली कमी उलाढाल म्हणजे लोकांचा रस आटल्याची खूण नव्हे. इतिहास कुठून सुरू होतो, हेही पाहावे. बीएसईची परंपरा १८७५ पासूनची आहे, तर एनएसईवर शेअरचे व्यवहार नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाले. त्याआधीचा भाव एनएसईच्या नोंदीत शोधूनही सापडणार नाही.

आता मुख्य मुद्दा. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि पुढे बंगळुरूला गेलेल्या इन्फोसिसने १९९३ मध्ये जनतेला ९५ रुपयांना शेअर विकले. त्या वेळी १०० शेअर घेऊन ते न विकता ठेवणाऱ्याच्या खात्यातली संख्या अशी वाढत गेली : १९९४ च्या एकास एक बोनसनंतर (एका शेअरमागे एक मोफत शेअर) २००, १९९७ च्या बोनसनंतर ४००, १९९९ च्या बोनसनंतर ८००. २००० मध्ये १० रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे विभाजन होऊन ५ रुपयांचे दोन शेअर झाले आणि संख्या १,६०० वर गेली. २००४ मध्ये एका शेअरमागे तीन बोनस मिळाले, म्हणजे ६,४००. त्यानंतर २००६, २०१४, २०१५ आणि २०१८ मध्ये पुन्हा एकास एक बोनस आले आणि संख्या झाली १,०२,४००. मूळच्या एका शेअरचे आज १,०२४ शेअर झाले आहेत. म्हणून ९५ रुपयांची आजच्या भावाशी सरळ तुलना करता येत नाही. ९५ ला १,०२४ ने भागावे लागते आणि उत्तर येते सुमारे ९ पैसे. असे बदलून घेतलेल्या भावाला समायोजित भाव म्हणतात. जुन्या आलेखावर एवढ्या मोठ्या कंपनीचा भाव पैशांत दिसतो, त्याचे कारण हेच.

समायोजनाची रीत सोपी आहे, पण चुका तिथेच होतात. ३:१ बोनस म्हणजे एका जुन्या शेअरबरोबर तीन नवे, एकूण चार. म्हणून आधीचे सगळे भाव चारने भागायचे, तीनने नव्हे. जुन्या दिवसांची शेअरसंख्या त्याच वेळी चारने गुणायची, नाहीतर उलाढालीचा हिशेब जुळत नाही. हे सगळे एक्स-तारखेच्या आधीच्या ओळींना लागू होते. एक्स-तारीख म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो बोनस मिळत नाही, तो दिवस. त्या सकाळी एकास एक बोनसचा शेअर निम्म्या भावाला उघडतो आणि न समायोजित आलेखावर कडा तुटल्यासारखी दिसते. गुंतवणूकदाराचे त्यात काहीच गेलेले नसते. भाव निम्मा होतो तेव्हा त्याच्याकडचे शेअर दुप्पट झालेले असतात.

याच्या उलट टोकाला टायर बनवणारी एमआरएफ आहे. जून २०२३ मध्ये या शेअरचा भाव एक लाख रुपयांवर गेला. कंपनीने अनेक दशके ना विभाजन केले, ना बोनस दिला, हे त्यामागचे एक मोठे कारण. नुसता भाव पाहून शेअर महाग की स्वस्त हे ठरत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

कंपनीचा एखादा व्यवसाय वेगळा काढला जातो, तेव्हा समायोजनाला साधे पूर्णांक पुरत नाहीत. १९ जुलै २०२३ रोजी एनएसईवर रिलायन्स इंडस्ट्रीजचा बंद भाव २,८४१.८५ रुपये होता. दुसऱ्या दिवशी तिचा वित्तीय व्यवसाय वेगळा झाला आणि त्यासाठी घेतलेल्या खास पूर्वसत्रात उरलेल्या रिलायन्सचा भाव २,५८० रुपये ठरला. मधले २६१.८५ रुपये हे आज जिओ फायनान्शियल सर्व्हिसेस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचे मूल्य. म्हणून त्याआधीचे भाव सुमारे ०.९०८ ने गुणले, तरच मालिका अखंड राहते. हे न केल्यास तो दिवस नऊ टक्क्यांच्या पडझडीचा दिसतो.

लाभांशाचा प्रश्न वेगळा आहे. बहुतेक आलेख बोनस आणि विभाजनासाठी भाव समायोजित करतात, पण नेहमीच्या लाभांशासाठी करत नाहीत. २०० रुपयांना घेतलेला शेअर पाच वर्षांनी २६० रुपयांवर असेल आणि मधल्या काळात ३० रुपये लाभांश मिळाला असेल, तर भावावरचा परतावा ३० टक्के, पण हाती आलेला ४५ टक्के. याच कारणाने बाजार नियामक सेबीने २०१८ पासून म्युच्युअल फंडांना आपल्या कामगिरीची तुलना लाभांश धरून काढलेल्या एकूण परतावा निर्देशांकाशी करायला लावली.

दीर्घ काळाचा परतावा चक्रवाढीने मोजावा. जून २०२३ मध्ये इन्फोसिसचा भाव सुमारे १,३०० रुपये होता. ९ पैशांच्या समायोजित भावाशी ताडले तर तीस वर्षांत सुमारे चौदा हजार पट, म्हणजे लाभांश सोडून वर्षाला साधारण ३७ टक्के. असा इतिहास साध्या मोजपट्टीवर काढला तर पहिली अनेक वर्षे तळाशी सपाट रेघ दिसते. लॉग मोजपट्टीवर १० ते २० आणि १,००० ते २,००० ही दोन्ही अंतरे सारखी असतात. त्यामुळे जुने चढउतारही नव्यांइतकेच ठसठशीत दिसतात.

सरासरीच्या पोटात पडझड दडलेली असते. म्हणून प्रत्येक शिखरापासून भाव किती टक्के उतरला आणि ते शिखर पुन्हा गाठायला किती दिवस लागले, या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. निम्म्यावर आलेला भाव मूळ जागी यायला दुप्पट व्हावा लागतो. बीएसईचा निर्देशांक सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर गेला होता आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ८,००० च्या खाली उतरला होता. आपण अशा वेळी थांबू शकलो असतो का, हे माणसाला जुन्या ओळींतूनच तपासता येते.

काही कामांना मात्र समायोजित भाव चालत नाही, त्या दिवशीचा खरा भावच लागतो. २०१८ च्या अर्थसंकल्पात शेअरवरचा दीर्घकालीन भांडवली नफा करपात्र झाला आणि जुन्या गुंतवणूकदारांना ३१ जानेवारी २०१८ च्या सर्वोच्च भावाचा आधार देण्यात आला. त्या दिवसाचा सर्वोच्च भाव आणि विक्रीचा भाव यांतला कमी असेल तो घ्यायचा. मग तो आणि प्रत्यक्ष खरेदीचा खर्च यांतला जास्त असेल तो खरेदीमूल्य म्हणून धरायचा. आता ज्याच्याकडे त्या दिवशी इन्फोसिसचे १०० शेअर होते, त्याला सप्टेंबर २०१८ मध्ये आणखी १०० बोनस मिळाले. त्याच्या मूळ शंभर शेअरना त्या दिवसाचा न समायोजित भाव लागतो आणि बोनसच्या शंभरांचे खरेदीमूल्य शून्य धरले जाते. आलेखावरचा निम्मा भाव दोनशे शेअरना लावणाऱ्याचा हिशेब चुकतो. विभाजन झाले असेल तर मात्र भाव त्याच प्रमाणात विभागूनच घ्यावा लागतो.

घरातल्या कपाटात सापडणारी कागदी शेअर प्रमाणपत्रेही याच रीतीने वाचायची असतात. प्रमाणपत्रावर कंपनीचे नाव, फोलिओ क्रमांक, शेअरची संख्या आणि दर्शनी मूल्य असते. आधी कंपनीचे आजचे नाव शोधावे. टेल्को पुढे टाटा मोटर्स झाली आणि टिस्को टाटा स्टील. मग प्रमाणपत्राच्या तारखेनंतरचे सगळे बोनस, विभाजने आणि विलीनीकरणे क्रमाने लिहून संख्या काढावी. आजचा भाव त्यानंतरच लावावा.

शेवटची काळजी निवडीची. आजच्या मोठ्या कंपन्यांचे जुने भाव पाहून ‘शेअर ठेवले की वाढतातच’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे, कारण त्या यादीत टिकलेल्याच कंपन्या असतात. १९८६ मध्ये सेन्सेक्स सुरू झाला तेव्हाच्या तीस कंपन्यांत आज त्या यादीत नसलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्सही होती. ७ जानेवारी २००९ रोजी हिशेबातला घोटाळा उघड झाला आणि सत्यम या संगणक-सेवा कंपनीच्या भावातला तीन चतुर्थांशांहून मोठा हिस्सा एका दिवसात गेला. त्याच्या आदल्या दिवसापर्यंतच्या भावांच्या ओळी बाकी कंपन्यांसारख्याच दिसत होत्या, कारण भावात बाजाराला जेवढे माहीत असते तेवढेच उतरते. म्हणून तपासणीसाठी त्या काळात असलेल्या सगळ्या कंपन्या घ्याव्यात, बुडालेल्याही. भावाशेजारी त्या वर्षीचा प्रति शेअर नफा ठेवावा आणि भाव ज्या प्रमाणात समायोजित केला त्याच प्रमाणात तोही करून घ्यावा.