स्लॅबखालचे पांढरे डाग काय सांगतात? पाण्यासोबत काँक्रीटमधला चुनाही वाहून जातो

पावसाळा सरला की खानापूर, चंदगड, आंबोली, सत्तरी या पट्ट्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, स्लॅबला खालून पांढरे डाग पडलेत. कुठे पांढरी पूड, कुठे भेगेच्या कडेने पांढरी रेघ. जुन्या पुलाखाली किंवा पाण्याच्या टाकीखाली तर बोटभर लांबीच्या पांढऱ्या कांड्याच लोंबताना दिसतात. बहुतेक ठिकाणी डाग खरवडून वरून रंग मारला जातो आणि पुढच्या पावसात डाग परत हजर होतात. हे पांढरे म्हणजे काँक्रीटच्या पोटातून बाहेर आलेला चुना आहे. तो किती काळ जात राहतो, यावर त्या स्लॅबचे आयुष्य ठरते.

चुना येतो कुठून?

सिमेंटमध्ये पाणी मिसळले की दोन मुख्य पदार्थ तयार होतात. एक म्हणजे वाळू-खडीला धरून ठेवणारा चिकट बंध. दुसरा म्हणजे विरलेला चुना, अर्थात कॅल्शियम हायड्रॉक्साइड. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये हा चुना साधारण पाचव्या हिश्शाएवढा असतो. तो पाण्यात थोडा विरघळतो. एक लिटर शुद्ध पाणी जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना पोटात घेऊ शकते.

आकडा छोटा वाटतो, पण सगळा खेळ वाहत्या पाण्याचा आहे. साचलेले पाणी चुन्याने भरले की पुढे काही ओढत नाही. झिरपणारे पाणी मात्र रोज नवे येते आणि रोज थोडा चुना घेऊन जाते. त्यात पावसाचे पाणी 'मऊ', म्हणजे त्यात क्षार जवळजवळ नसतात. त्यामुळे त्याची चुना ओढण्याची भूक जास्त. बोअरच्या जड पाण्यात आधीच क्षार असतात, म्हणून ते कमी ओढते. खालच्या बाजूला पाणी बाहेर आले की त्यातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पांढरा खडू होऊन तिथेच बसतो.

ताकद कशी घटते?

चुना गेला त्या जागी पोकळी राहते. पोकळी वाढली की पाणी आणखी सहज शिरते आणि गळती वाढते. मोकळा चुना संपत आला की पाणी सिमेंटच्या मूळ बंधातलाच चुना ओढू लागते. इथे व्याज नव्हे, मुद्दलच संपायला लागते. सिमेंटमधला पाव हिस्सा चुना निघून गेला तर दाब सोसण्याची ताकद निम्म्याच्या आसपास येऊ शकते, असे मानले जाते.

दुसरा धोका सळईला. नव्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ असतो. या अल्कलीमुळे सळईवर संरक्षक थर टिकतो. चुना कमी झाला की सामू उतरतो, तो थर मोडतो आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्यामुळे आतून ताण येऊन स्लॅबचे पापुद्रे सुटतात आणि सळ्या उघड्या पडतात.

मोठ्या बांधकामांचीही यातून सुटका नाही. १८९५ साली पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणाचे बांधकाम चुना-सुरखीचे. झिरपणाऱ्या पाण्याबरोबर चुना जात असल्याने तिथे सिमेंटचे ग्राउटिंग करावे लागले. १९७९ नंतर पोलादी केबलचे ताण आणि मागून काँक्रीटचा आधार देऊन धरण मजबूत करण्यात आले.

उसाच्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. साखर चुन्याशी मिळून पाण्यात विरघळणारा पदार्थ करते. त्यामुळे रस, काकवी सतत सांडत असलेली गुऱ्हाळाची कोबा जमीन लवकर खरखरीत होऊन झिजते.

डाग साधा की धोक्याचा?

नव्या बांधकामावर पहिल्या वर्षी थोडी पांढरी पूड येऊन थांबली, तर घाबरण्यासारखे काही नाही. ती पूड नुसत्या पाण्याने विरघळली तर बहुधा मिठासारखे क्षार आहेत. पाण्याने न जाता लिंबाचा रस टाकल्यावर फसफसली तर तो चुन्याचा खडू आहे. दर पावसाळ्यात डाग त्याच जागी वाढत असेल, कांड्या धरत असतील, तांबूस पाणी येत असेल किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर अभियंत्याला दाखवणे भाग आहे.

उपाय वरून, खालून नव्हे

खालून गिलावा किंवा रंग केल्याने पाणी थांबत नाही, फक्त दिसेनासे होते. आधी वरची बाजू पाहावी. गच्चीला उतार आहे का, पन्हळी-पाइप तुंबलेत का, पॅरापेटच्या कोपऱ्यात भेग आहे का? भेगा भरून वरून वॉटरप्रूफिंग केल्यावरच खालची दुरुस्ती टिकते.

नवीन बांधकामात मुख्य शत्रू जादा पाणी. 'माल सरकत नाही' म्हणून मिक्सरमध्ये बादली ओतली जाते. सिमेंटला लागते त्यापेक्षा जास्तीचे पाणी वाळले की मागे बारीक नळ्या राहतात आणि त्याच पुढे गळतीच्या वाटा होतात. भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये मुसळधार पाऊस थेट झेलणारे किंवा किनारपट्टीवरचे सळईचे काँक्रीट 'तीव्र' गटात येते. त्यासाठी किमान एम-३० दर्जा, सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर आणि सिमेंटच्या ०.४५ पट पाणी सांगितले आहे. म्हणजे ५० किलोच्या पोत्याला जास्तीत जास्त साडेबावीस लिटर, वाळूतला ओलावा धरून. घरगुती कामात सर्रास वापरले जाणारे १:१.५:३ हे प्रमाण एम-२० चे आहे.

फ्लाय अ‍ॅशचे पीपीसी किंवा स्लॅग सिमेंट इथे उपयोगी पडते. त्यातली राख किंवा स्लॅग मोकळा चुना वापरून नवा बंध तयार करते, त्यामुळे वाहून जायला चुना कमी उरतो. मात्र हे काम सावकाश होते. म्हणून अशा सिमेंटला मानकाप्रमाणे किमान दहा दिवस पाणी मारावे लागते, साध्या सिमेंटला सात. तिसऱ्या दिवशी पाणी बंद केले तर असे सिमेंट घेऊनही फायदा पदरात पडत नाही.

स्लॅब टाकण्यापूर्वी कंत्राटदाराला तीनच प्रश्न विचारावेत. पोत्याला पाणी किती, कव्हर किती, पाणी किती दिवस मारणार? उत्तरे करारात लिहून घेतली तर पुढच्या पावसाळ्यात रंगाचा डबा आणावा लागणार नाही.