गाडीतला संगणक : आधी वीज, मग ऊन, शेवटी प्रोसेसर

गाडीत संगणक बसवायचा विचार करणारा माणूस बहुतेक वेळा प्रोसेसरपासून सुरुवात करतो. आय-थ्री घ्यावा की आय-फाइव्ह, रॅम आठ जीबी पुरेल की सोळा, असे प्रश्न आधी पडतात. घरातल्या टेबलासाठी ते बरोबर आहेत. गाडीत, आणि त्यातही सोलापूरच्या गाडीत, हा क्रम उलटा धरावा लागतो. इथे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढेच असतो, दुपारी सावलीत जागा मिळेलच असं नाही, आणि पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर अशा फेऱ्यांत इंजिन दिवसातून कितीतरी वेळा बंद-चालू होतं. असा संगणक बिघडतो तो वेग कमी पडल्यामुळे क्वचितच. तो बिघडतो विजेच्या हेलकाव्यांनी आणि उष्णतेने. म्हणून खरेदीची यादी या दोन गोष्टींपासून लिहायला घ्यावी.

खरंच संगणक हवा आहे का?

गाणी, नकाशा, फोन आणि मागचा कॅमेरा एवढंच हवं असेल तर संगणकाच्या नादी लागू नये. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालवणारा चांगला स्टिरिओ ही कामं नीट करतो आणि गाडीच्या विजेला सरावलेला असतो.

संगणक लागतो तो स्वतःचं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तेव्हा. जमीन मोजणारा सर्व्हेअर ड्रोनने काढलेले फोटो शेताच्या बांधावरच जोडून पाहू इच्छितो. कारखान्याच्या शेती विभागातला माणूस उसाच्या नोंदी गावोगाव फिरत भरतो. कुणाला तीन-चार कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र साठवायचं असतं, कुणाला इंजिनच्या नोंदी सतत टिपायच्या असतात. काम कागदावर एका वाक्यात लिहून काढलं की निम्मी खरेदी तिथेच ठरते.

या छंदाला इतिहासही आहे. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या एम्पेग कंपनीने लिनक्सवर चालणारा गाडीतला एमपीथ्री प्लेअर विकायला आणला. २००१ मध्ये व्हिया कंपनीने जेमतेम १७ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला आणि जगभरच्या हौशी लोकांना सीटखाली मावेल असा पीसी बनवता येऊ लागला. आज त्याच्याहून लहान डबे तयार मिळतात. विजेची आणि उष्णतेची अडचण मात्र तेव्हा होती तीच आहे.

बारा व्होल्ट म्हणजे बारा नव्हेत

सगळ्यात जास्त संगणक इथेच मरतात, म्हणून या मुद्द्यावर थोडं थांबू.

गाडीच्या बॅटरीवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर ती १४ ते १४.५ व्होल्टपर्यंत नेतो. सेल्फ मारताना स्टार्टर इतका करंट ओढतो की क्षणभर व्होल्टेज आठपर्यंत आणि कधी त्याच्याही खाली जातं. जुन्या डिझेल गाड्यांत आणि थकलेल्या बॅटरीत हा खड्डा अधिक खोल असतो. उलट टोकाचा धोकाही आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचा सैल टर्मिनल निसटला तर अल्टरनेटरची वीज जायला जागा राहत नाही आणि तारांमध्ये नेहमीच्या काही पट व्होल्टचा झटका येतो.

आता बाजारातला छोटा मिनी पीसी पाहा. त्याच्या अडॅप्टरवर ‘१२ व्होल्ट’ छापलेलं असतं आणि मोह होतो की वायर थेट बॅटरीला जोडावी. तसं करू नये. त्या डब्याला स्थिर, गाळलेले १२ व्होल्ट अपेक्षित असतात. तो १४.४ व्होल्टवर काही दिवस चालेलही, पण सेल्फ मारताना बंद पडेल आणि एखाद्या झटक्यात कायमचा जाईल.

दुसरी चुकीची वाट इन्व्हर्टरची. बारा व्होल्टचे २३० करायचे आणि पुन्हा अडॅप्टरने त्याचे बारा किंवा एकोणीस करायचे, यात दोनदा वीज वाया जाते, दोनदा उष्णता तयार होते आणि सेल्फ मारताना इन्व्हर्टर कमी व्होल्टेजची शिट्टी वाजवून बंद पडतो तो वेगळाच.

योग्य वस्तू म्हणजे गाडीसाठीच बनवलेला डीसी-डीसी पॉवर सप्लाय. मिनी-बॉक्स कंपनीचा एम-फोर-एटीएक्स हे त्याचं जुनं, नावाजलेलं उदाहरण. तो ६ ते ३० व्होल्टपर्यंतची वीज घेतो आणि संगणकाला लागणारे स्थिर व्होल्टेज देतो. दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा घेतला तरी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, खालची मर्यादा सहा-सात व्होल्टपर्यंत आहे का. दुसरी, त्याला चावीची खूण कळते का. चावी फिरवली की संगणक चालू करणं, चावी काढली की बंद होण्याचा इशारा देणं, थोडा वेळ थांबणं आणि मग वीज पूर्ण तोडणं, हे सगळं त्यानेच करायला हवं.

ही पूर्ण तोडण्याची पायरी महत्त्वाची का, ते हिशोबाने पाहू. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. संगणक ‘स्लीप’मध्ये ठेवला आणि तो २ वॅट खात राहिला तर दिवसाला ४ अँपिअर-तास जातात. चार-साडेचार दिवसांत निम्मी बॅटरी संपते आणि गावाहून परतल्यावर सेल्फ लागत नाही. ३० वॅटचा संगणक इंजिन बंद ठेवून चालवला तर हीच निम्मी बॅटरी सात तासांत संपते. ज्याला गाडी उभी करून दिवसभर काम करायचं आहे त्याने दुसरी, वेगळी बॅटरी बसवावी.

ट्रक आणि बसमध्ये २४ व्होल्टची व्यवस्था असते आणि चालू इंजिनवर ती २८ व्होल्टच्या पुढे जाते. तिथे ३० व्होल्टची मर्यादा फार तोकडी आहे, किमान ३६ व्होल्ट सोसणारा सप्लाय शोधावा.

विजेवरच्या गाडीत चित्र थोडं बदलतं. सोलापूरच्याच प्रिसिजन कॅमशाफ्ट्स कंपनीने टाटा एससारख्या छोट्या मालवाहू गाड्या विजेवर चालवण्याच्या कामात हात घातला आहे, त्यामुळे हा विषय इथल्या गॅरेजला परका राहिलेला नाही. अशा गाडीत अल्टरनेटर नसतो, सेल्फचा खड्डाही नसतो. मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टर १२ व्होल्टची छोटी बॅटरी भरतो. पण ती छोटी बॅटरी अनेकदा खरोखरच छोटी असते, म्हणून उभ्या गाडीतली गळती जास्त जपावी. आणि केशरी आवरणाच्या वायरींना हातही लावू नये, त्यांत उच्च दाबाची वीज असते.

उन्हाचं गणित

अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये टेम्पी शहरातल्या कडक उन्हाळ्यातल्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या आत सरासरी ४७ अंश भरले. डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांना पोचला. सोलापूरचा मे महिना त्याच जातीचा आहे, आणि आपल्याकडे गाडी तासभर नाही, कचेरीच्या आवारात दुपारभर उभी असते.

चिप तिच्या आसपासच्या हवेपेक्षा ठराविक अंशांनी गरम राहते. समजा पंखा नसलेल्या डब्यात ही वाढ ३५ अंश आहे. घरात २८ अंशांवर चिप ६३ अंशांवर निवांत चालेल. ५० अंशांच्या गाडीत तीच चिप ८५ वर जाईल. रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक ८० अंशांपासून स्वतःचा वेग कमी करू लागतो आणि ८५ ही त्याची हद्द आहे. म्हणजे घरी उत्तम चाललेला संगणक गाडीत रांगू लागतो, आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

म्हणून डॅशबोर्डवर संगणक कधीच ठेवू नये. डिकीतही सावधपणे, कारण सेडानच्या बंद डिकीत एसीची हवा पोचत नाही. माझ्या मते उत्तम जागा म्हणजे ग्लोव्हबॉक्सच्या मागची पोकळी, जिथे एसीचा थंडावा जवळ असतो. त्याखालोखाल पुढच्या सीटखालची जागा. अनेक गाड्यांत मागच्या प्रवाशांच्या पायांकडे जाणारी हवा तिथूनच जाते. मात्र सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात, ते हलवू नयेत. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी तिथे उतरतं, म्हणून डबा जमिनीपासून बोटभर उंच बसवावा.

पंखा असावा की नसावा? काळ्या मातीची धूळ बारीक असते आणि शेतरस्त्यांवर ती काच बंद असली तरी आत येते. पंख्याचा डबा घेतला तर काही महिन्यांत फिन्समध्ये धुळीचा थर बसतो. कमी वॅटचा प्रोसेसर आणि ॲल्युमिनियमच्या जाड कवचाचा, पंखा नसलेला डबा हीच निवड मला इथल्यासाठी योग्य वाटते. शिवाय चावी लावल्यावर लगेच संगणक सुरू न करता, एसीने आतली हवा उतरेपर्यंत पाच-सात मिनिटं थांबावं. काही सप्लायमध्ये ही वेळ ठरवून ठेवता येते.

लिथियमच्या बॅटऱ्यांबद्दल कडक राहावं. त्या चार्ज करण्याची मर्यादा साधारण ४५ अंश असते. लॅपटॉप उन्हातल्या गाडीत चार्जिंगला लावून ठेवणं किंवा लिथियम सेलचा छोटा यूपीएस डॅशबोर्डखाली बसवणं, दोन्ही टाळावं. वीज गेल्यावर संगणक नीट बंद होण्यापुरते काही सेकंद हवे असतील तर सुपरकपॅसिटरवर चालणारा यूपीएस घ्यावा.

साठवण

फिरती हार्ड डिस्क नको. खड्डे आणि उष्णता दोन्ही तिच्या मुळावर येतात. साधी एसएसडी ० ते ७० अंशांत चालते. औद्योगिक दर्जाची उणे ४० ते ८५ अंशांत चालते, आणि चोवीस तास कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्याने तिचे जास्तीचे पैसे द्यावेत. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी वेगवान असली तरी लवकर तापते. गाडीत साटा एसएसडी पुरते.

रास्पबेरी पायवाल्यांसाठी एक जास्तीची सूचना. त्याचं मेमरी कार्ड अचानक वीज गेली की खराब होतं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ हा पर्याय आहे. तो चालू केला की मुख्य कार्डावर काही लिहिलंच जात नाही आणि चावी कधीही काढली तरी चालतं. नोंदी मग वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा एसएसडीवर ठेवाव्यात.

आता प्रोसेसर

इथपर्यंत आल्यावर निवड सोपी होते. नोंदी, नकाशा, एखादा कॅमेरा यासाठी रास्पबेरी पाय ४ भरपूर आहे. त्याला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात. रास्पबेरी पाय ५ ला पूर्ण ताकदीसाठी ५ व्होल्ट ५ अँपिअर हवेत. गाडीतले नेहमीचे यूएसबी चार्जर तेवढे देत नाहीत, आणि ३ अँपिअरवर तो यूएसबीला जोडलेल्या सगळ्या उपकरणांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. म्हणजे एसएसडी आणि मॉडेम जोडले की अडखळतो.

विंडोज हवंच असेल तर २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन-१०० सध्या गाडीसाठी माझा पहिला पर्याय आहे. चार कोअर, ६ वॅटचा मूळ आराखडा, आणि सोळा जीबी रॅमसह तो सर्व्हेची रोजची कामं करतो.

ड्रोनचे शेकडो फोटो जोडण्यासाठी तो कमी पडेल. तिथे पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुने ऑफिस मिनी पीसी शोधता येतील. लेनोवोचे टायनी २० व्होल्टवर आणि डेलचे मायक्रो १९.५ व्होल्टवर चालतात, म्हणून व्होल्टेज वाढवणारा सप्लाय लागतो. आणि त्यांना पंखे असतात, म्हणजे धूळ साफ करण्याचं काम महिन्याच्या यादीत घ्यावं.

पडदा

लॅपटॉपचा पडदा २५० ते ३०० निट उजेड देतो. दुपारी मोहोळच्या रस्त्यावर त्यावर आकाशाखेरीज काही दिसत नाही. उन्हात वाचता येण्यासाठी १००० निटच्या आसपासचा पडदा लागतो. तो महाग असतो आणि स्वतःही तापतो. चालकासाठी नसलेला पडदा मागच्या सीटपाशी, सावलीत लावला तर ५०० निटही चालतात. आकार सात इंच पुरे.

वायरी आणि फ्यूज

६० वॅटला ५ अँपिअर लागतात. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. एक चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच पडतात, अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.४ पेक्षा कमी. अडीचचीच घ्यावी. दहा अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा, संगणकाजवळ नाही. मधे कुठे वायर घासून बॉडीला टेकली तर आग तिथूनच लागते. जोड पिळून टेप गुंडाळलेले नसावेत, क्रिंप केलेले असावेत. स्पीकरमधून इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर संगणक आणि स्टिरिओ यांचं अर्थिंग एकाच ठिकाणी आणावं.

कायदा, विमा आणि चाचणी

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आहे. सीटखालच्या डब्याने रचना बदलत नाही, पण मूळ वायरिंग कापलं तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते आणि विमा कंपनी आगीच्या दाव्यावर प्रश्न काढू शकते. वीज स्वतंत्र फ्यूजवरून घ्यावी आणि कामाचं बिल जपावं. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरायला मुभा आहे, तीही चालकाचं लक्ष ढळणार नाही अशा रीतीने. त्यामुळे चालकासमोर व्हिडिओ नको.

कंपन्या गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सची परीक्षा आयएसओ १६७५० या मानकाने घेतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत त्यासाठी यंत्रं असतात. आपल्याकडे गाडी आणि ऊन आहे, तेवढ्यावर तीन चाचण्या होतात. संगणक चालू ठेवून लागोपाठ दहा वेळा सेल्फ मारावा, तो एकदाही बंद पडता कामा नये. भर दुपारी गाडी उन्हात दोन तास उभी करून मग एसीशिवाय संगणक अर्धा तास चालवावा आणि चिपचं तापमान लिहून ठेवावं. चावी काढून तासाभराने बॅटरीच्या वायरीत मीटर लावावा. गाडीची एकूण गळती ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. संगणकाची वायर काढल्यावर आकडा खाली येत असेल तर सप्लाय वीज पूर्ण तोडत नाही, आणि त्याची सेटिंग पुन्हा पाहावी लागेल. या चाचण्या मे महिन्यातच कराव्यात. डिसेंबरच्या थंडीत तिन्ही सहज पास होतात आणि त्यावरून काहीच कळत नाही.