फवारणीच्या पुडीपासून अँटिस्मॅशपर्यंत

कल्याण-नगर रस्त्याने ओतूरहून माळशेज घाटाकडे निघालं की डिंगोरे लागतं. या पट्ट्यात टोमॅटोच्या पानांवर जिवाणूजन्य ठिपके दिसले की शेतकऱ्याच्या तोंडी वर्षानुवर्षं एकच नाव असायचं: स्ट्रेप्टोसायक्लिन. ६ ग्रॅमची पुडी, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची. लाल कोळीसाठी ॲबामेक्टिन, अळीसाठी स्पिनोसॅड. पंपात जाणारी ही औषधं मुळात मातीतल्या जिवाणूंनी घडवलेली आहेत. ती घडवणारी जनुकं डीएनएत बहुधा एकमेकांना लागूनच असतात, आणि या शेजारामुळेच त्यांचा माग संगणकावर काढता येतो.

पिंपरीचा कारखाना १९५४चा. तिथे शास्त्रज्ञ तिरुमलाचार यांच्या गटाने पिंपरीच्याच मातीतल्या जिवाणूपासून हमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळवलं. त्या जिवाणूला नावही स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असं दिलं. तेव्हाची रीत म्हणजे माती आणायची, ताटलीत जिवाणू वाढवायचे आणि शेजारची बुरशी मरते का ते पाहायचं. या रीतीने मोठी औषधं दिली, पण जिवाणू ताटलीत जे बनवेल तेवढंच हाती लागायचं. २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सिलिकलरचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्याच्या डीएनएच्या सुमारे ८७ लाख अक्षरांत रसायनं घडवणाऱ्या, एकमेकांना लागून असलेल्या जनुकांचे २०हून अधिक समूह निघाले. प्रयोगशाळांनी कित्येक दशकं अभ्यासलेल्या या जिवाणूची बहुतेक रसायनं तोवर कोणी पाहिलेलीच नव्हती.

हा दडलेला साठा शोधणारं आज सर्वाधिक वापरलं जाणारं साधन म्हणजे अँटिस्मॅश. मार्निक्स मेडेमा, काई ब्लिन, टिलमान वेबर आणि सहकाऱ्यांनी ते २०११ मध्ये आणलं. जिवाणूच्या डीएनएची फाइल दिली की ते आधी जनुकं ओळखतं, मग प्रत्येकाची तुलना माहीत असलेल्या विकरांच्या नमुन्यांशी करतं. ठरावीक विकरांची जनुकं एकमेकांजवळ सापडली की तो पट्टा वेगळा काढतं. पडद्यावर मुख्य जनुकांचे बाण गडद लाल, वाहतुकीचे निळे, नियंत्रणाचे हिरवे दिसतात.

सापडलेल्या समूहातून काय घडेल याचा अंदाजही ते बांधतं. पॉलिकीटाइड या प्रकारची रसायनं घडवणारी मोठी विकरं हातोहात विटा पुढे देणाऱ्या माणसांच्या रांगेसारखी चालतात: प्रत्येक जण एक तुकडा जोडतो आणि साखळी पुढे देतो. कोणता तुकडा जोडायचा हे एटी नावाचा भाग ठरवतो. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत गीतांजली यादव, राजेश गोखले आणि देबाशिष मोहंती यांनी २००३ मध्ये दाखवलं, की या भागातल्या मोजक्या २४ अमिनो आम्लांवरून ती निवड ओळखता येते. अँटिस्मॅशने हीच पद्धत आपल्यात घेतली. जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात भारतीय काम असं मुरलेलं आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारच कमी होते.

मर्यादाही आहेत. डीएनएची जुळणी तुकड्यातुकड्यांत झाली असेल, तर समूह मधेच तुटतो आणि एकाचे दोन दिसतात. अँटिस्मॅशचे नियम माहीत असलेल्या प्रकारांवरच बेतलेले आहेत, त्यामुळे अगदी नवी घडण निसटू शकते. २०१९चं डीपबीजीसी हे साधन यंत्रशिक्षणाने ती उणीव भरू पाहतं. आणि समूह सापडणं म्हणजे औषध सापडणं नव्हे. ती जनुकं जागी करून रसायन बाटलीत आणायला अनेकदा वर्षं जातात.

तरीही शोधाची गरज आहेच. जिवाणूंची प्रतिकारशक्ती वाढतेय म्हणून केंद्राने २०२१ मध्ये स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुडीतल्या स्ट्रेप्टोमायसिनवर शेतीत बंदी घालण्याचा मसुदा काढला. जुन्या पुडीला पर्याय लागणार. तो शोधायला लागणारे जिवाणू जवळच आहेत: पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला (एनसीएल) एनसीआयएम हा सूक्ष्मजीवसंग्रह १९५१पासून आहे, आणि एनसीसीएस या संशोधन संस्थेचा एनसीएमआर हा संग्रहही आहे. जुन्नर-ओतूरच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळलेल्या मुलामुलींनी अँटिस्मॅश एकदा चालवून पाहावं. ते मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि सरावासाठी हजारो जिवाणूंचे जनुकसंच एनसीबीआय या ऑनलाइन माहितीसाठ्यावर खुले आहेत.