जांभळा रंग आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर

आम्ही कवी मंडळी हृदयावर भरभरून लिहितो. रक्त ज्या वाटांनी फिरतं त्या वाटांकडे मात्र आमचं लक्ष क्वचितच जातं. रक्तवाहिन्या म्हणजे नुसत्या नळ्या नव्हेत. त्यांना आतून पेशींच्या एकाच थराचं नाजूक अस्तर असतं. रक्ताचा जोर वाढला की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतं आणि वाहिनी सैलावते. हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, हे दाखवणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल मिळालं. वय, मधुमेह, तंबाखू यांनी अस्तर दुबळं झालं की वाहिन्या ताठरतात.

ब्लूबेरी, स्ट्रॉबेरीसारख्या फळांकडे संशोधक वळले ते इथे. त्यांचा रंग अँथोसायनिन नावाच्या पॉलिफेनॉलचा. आपल्या जांभळाचा जिभेवर उतरणारा रंगही त्याच कुळातला. ही द्रव्यं मूळ रूपात रक्तात फारच थोडी पोचतात. आतड्यातले जिवाणू त्यांचे बारीक तुकडे करतात. नायट्रिक ऑक्साइड नासवणाऱ्या रेणूंना हे तुकडेच आवर घालत असावेत, असं दिसतं.

हे मोजतात कसं? हाताला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं आणि दंडातली धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर पाहायचं. इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वजन जास्त, साखर-चरबीचं गणित बिघडलेलं, अशी ११५ माणसं होती. सहा महिने काहींना रोज एक कप, म्हणजे १५० ग्रॅम ब्लूबेरीइतकी भुकटी दिली, काहींना अर्ध्या कपाइतकी, तर काहींना नुसती तशी दिसणारी पूड. एक कपवाल्यांच्या धमन्या अधिक मोकळ्या झाल्या. अर्ध्या कपाने काही साधलं नाही. प्रयोगाला अमेरिकेतल्या ब्लूबेरी उत्पादक मंडळाचा पैसा होता, हेही कानाआड करू नये.

आणि रक्तदाब? तो या मंडळींत उतरलाच नाही. त्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या प्रयोगात महिनाभर रोज २०० ग्रॅम ब्लूबेरीइतकं पेय घेणाऱ्यांचा वरचा आकडा सुमारे ५ अंकांनी उतरला होता. पण ती माणसं निरोगी होती. तेव्हा फळं खुशाल खा, पण रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि साखर घातलेल्या बाटलीबंद सरबताला फळ समजू नका.