औषधाविना किती सुटले असते?

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. एका टोकाला दारूबंदी, दुसऱ्या टोकाला परवान्याची दुकानं. कायदा सीमेपाशी थांबतो, जडलेलं व्यसन थांबत नाही. ते सोडवायला उपचार लागतात, आणि उपचाराचा खरेपणा तपासायला संख्याशास्त्र.

‘आमच्या औषधाने दारू सुटली’ असं सांगणारे दोन-चार जण कुठेही सापडतात. ते औषधाविना सुटले असते का, हे कोणी विचारत नाही. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी नेमकं तेच विचारलं. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या पुरुषांना दहा प्रश्न विचारले: सकाळी उठल्यावर घोट लागतो का, पिण्यापायी काम चुकलं का, घरच्यांनी कमी करायला सांगितलं का? धोकादायक पातळीवर पिणारे ३७७ जण निवडले आणि त्यांचे दोन गट चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले. एका गटाला डॉक्टरांचे नेहमीचे उपचार. दुसऱ्याला शिवाय समुपदेशन, जास्तीत जास्त चार बैठकांचं. समुपदेशकांकडे मानसोपचाराची पदवी नव्हती. ते प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते.

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याबाहेर आले. ‘३६ टक्के यश’ असा मथळा सहज झाला असता! पण दुसऱ्या गटातलेही २६ टक्के सुधारले होते. म्हणजे समुपदेशनाच्या खात्यावर शंभरामागे दहाच. वर्षाने मात्र हे आकडे ५४ आणि ३२ झाले, फरक वाढला. घरातल्या मारहाणीत फरक दिसला नाही, तेही संशोधकांनी लपवलं नाही. तीन महिन्यांचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले, वर्षाचे ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये.

नवापूर तालुक्यात हीच पद्धत आणायची तर पहिली अडचण मोजमापाची. प्रश्नावलीतला ‘एक पेग’ बाटलीबंद दारूला धरून ठरलेला. मोहाच्या दारूची तीव्रता भट्टीगणिक बदलते. दुसरी भाषेची: प्रश्न मावची, भिली बोलींत विचारायला हवेत. प्रयत्नाची गरज मात्र उघड आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो.

तोवर एखाद्या व्यसनमुक्ती केंद्राने यशाची टक्केवारी सांगितली, तर एवढं विचाराच: सुरुवातीला किती होते, मधेच किती गळले, आणि तुलना कोणाशी केली?