जुन्या कॅल्क्युलेटरचा जन्मदाखला

एकाच नावाचे दोन जुने कॅल्क्युलेटर शेजारी ठेवले, तर लांबून जुळे भाऊ वाटतात. जवळ घेतले की फरक दिसू लागतात. कुठे एखादा ठिपका, कुठे बुटका शून्य, कुठे पाठीवरचं एक अक्षर. या खुणा ओळखण्यात विलक्षण मजा आहे!

लाल ठिपक्याचा मान
ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-३५ हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर १९७२मध्ये आला. किंमत ३९५ डॉलर. बटणं ३५, म्हणून नाव ३५. अगदी पहिल्या खेपेतलं यंत्र चालू केलं की स्विचजवळच्या बारीक भोकात लाल ठिपका दिसतो. पुढच्या खेपांत ते भोकच गेलं. एचपी-८० आणि एचपी-४५ ही धाकटी भावंडं आल्यावर दर्शनी पट्टीवर कंपनीच्या नावाशेजारी ‘३५’ हा आकडाही आला. तोवर घरात एकुलतं एक असल्यामुळे त्याची गरजच नव्हती.

खरी परीक्षा मात्र बटणं दाबून घ्यायची. २.०२ टाका, त्याचा नैसर्गिक लॉग घ्या आणि लगेच उलटी क्रिया करा. २.०२ परत यायला हवेत. सुरुवातीच्या यंत्रांत येतात नुसते २! चूक चिपमध्ये कायमच्या भरलेल्या प्रोग्रॅममध्ये होती आणि ती ध्यानात येईपर्यंत सुमारे २५,००० यंत्रं विकली गेली होती. कंपनीने ती लपवली नाही, ग्राहकांना दुरुस्ती देऊ केली. त्यामुळे लाल ठिपका असूनही उत्तर बरोबर आलं, तर आतली चिप बहुधा नंतर बदललेली असते. संग्राहकांना हवा असतो तो चुकणाराच.

साठ मिळवा, वर्ष ओळखा
एचपीच्या त्या काळातल्या यंत्रांच्या पाठीवरचा क्रमांक १३५०ए असा सुरू होत असेल, तर १३मध्ये ६० मिळवायचे. झालं १९७३. पुढचे ५० म्हणजे पन्नासावा आठवडा. ‘ए’ म्हणजे अमेरिका, ‘एस’ असेल तर सिंगापूर, ‘बी’ असेल तर ब्राझील. इतका सरळ हिशेब फार थोड्या कंपन्यांनी ठेवला.

बुटका शून्य
शार्पच्या १९७१च्या ईएल-८ची ओळख लांबूनही पटते. त्याच्या हिरवट निळ्या आकड्यांत शून्य इतरांच्या निम्म्या उंचीचा! तांबडे आकडे दिसले तर तो एलईडीचा जमाना. सत्तरच्या दशकातल्या काही एलसीडींवर पिवळसर काच असते, ती अतिनील किरणांपासून बचावासाठी.

पाय तोंडपाठ नाही? खोक्यावर वाचा
१९७४च्या सिंक्लेअर सायंटिफिकच्या चिपमध्ये जेमतेम ३२० सूचनांची जागा होती. म्हणून ३.१४१५९सारखे स्थिरांक चक्क यंत्राच्या दर्शनी भागावर छापले. काटकसरीतून सुचलेली ही युक्ती मला फार आवडते. हा सुट्या भागांच्या किटमध्येही मिळायचा. म्हणून आतले टाके बघायचे, सोल्डरिंग कारखान्यातलं आहे की कुणी घरी बसून केलंय, ते कळतं.

किंमत साच्यातच
सोव्हिएत ‘एलेक्त्रोनिका’ यंत्रांवर किंमत थेट प्लॅस्टिकमध्ये उमटवलेली आढळते. दर सरकारच ठरवायचं, घासाघीस कसली?

कपाटात एखादा जुना कॅल्क्युलेटर पडला असेल, तर आजच काढा. आधी सेल बाहेर घ्या, कारण गळलेले सेल आतले पत्रे खाऊन टाकतात. एचपी-२१ किंवा एचपी-२५ हाती लागला, तर बॅटरी पॅक बसवल्याशिवाय चार्जरला मुळीच जोडू नका, आतलं सर्किट जळतं. आणि भंगारात देण्याआधी पाठीवरचा क्रमांक नक्की वाचा.